आमचा एक तास एकदा मोजून बघा

मा. मंत्री, दिव्यांग कल्याण विभाग, मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, आणि वित्त विभागात ज्या ज्या टेबलावर आमची फाईल जाऊन बसते त्या टेबलामागच्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

'उपरोक्त विषयास अनुसरून' असं लिहायला बसले होते, हाताला सवयच लागलीय, पण तसली पत्रं गेल्या १९ वर्षांत इतकी लिहिली आणि त्यांना उत्तरं इतकी कमी आली की या वेळी घरात बोलतो तसंच लिहायचं ठरवलं. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे बसणं, खाणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणारी. एका तालुक्याच्या गावात आमची छोटी संस्था आहे, सकाळी बौद्धिक दिव्यांग मुलांचं डे केअर, दुपारी थेरपी, आणि शनिवारी पालकांची मीटिंग जिथे निम्मा वेळ मुलांपेक्षा कागदपत्रांवरच बोलणं होतं, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) कुणाचं अडकलंय, निराधारचे पैसे कुणाच्या खात्यात आले नाहीत वगैरे.

विषय एकच आहे. सरकार आमच्यासारख्यांकडून जे काम करून घेतं त्याचा दर नक्की कोण ठरवतं आणि कशावरून ठरवतं? मी खरंच विचारतेय, टोमणा नाही. कारण आमच्याकडे २०१७ साली स्थानिक पातळीवर एक करार झाला, थेरपीच्या एका सेशनला २०० रुपये. त्या वेळी मी साहेबांना विचारलं होतं की हा आकडा आला कुठून, तर ते म्हणाले, "मॅडम, मागच्या फाईलमध्ये होता." मागच्या फाईलमध्ये कुठून आला ते मागच्या साहेबांना माहीत असेल. आज सुद्धा दर २०० च आहे.

आता आमचा हिशेब सांगते, उघड सांगते, लपवायचं काही नाही. एका थेरपिस्टचा पगार महिन्याला ३०,००० (पुण्यात हीच मुलगी सहज जास्त कमावेल, इथे राहते कारण तिचं सासर इथलं आहे, म्हणजे आमची सेवा तिच्या लग्नावर चालली आहे असं म्हणा). मदतीला मावशी लागतात, त्यांचा अर्धा पगार या खोलीच्या नावे धरला तर ५,०००. भाडं, लाईट, इंटरनेट यातला वाटा ६,०००. बॉल, मॅट, स्प्लिंटचं मटेरियल, डेटॉल, टिश्यू, १,५००. ऑडिट आणि हिशेब लिहिणारा मुलगा, त्याचा वाटा १,५००. झाले ४४,०००. कागदावर महिन्यात कितीही सेशन बसवता येतात, पण प्रत्यक्षात मूल आजारी पडतं, एसटी येत नाही, कापणीच्या दिवसांत आई मजुरीला जाते, सेशननंतर रेकॉर्ड लिहायचं असतं, आईला घरी काय करायचं ते शिकवायचं असतं. पूर्ण झालेली सेशन निघतात ९०. म्हणजे एका सेशनला ४९० रुपये, नफा शून्य, माझा पगार त्यात नाही. तुम्ही देता २००. खाली २९० राहतात.

ते २९० गायब होत नाहीत हो. तुमच्या बजेटमध्ये ते दिसत नाहीत एवढंच. त्या कराराखाली आमची महिन्याला साधारण ६० सेशन होतात, म्हणजे १७,४०० रुपये दर महिन्याला कुणीतरी भरतंय. कोण भरतं? मावशी भरतात, कारण त्यांना दहा हजारांत राबवतो. प्रायव्हेट फी देणारे चार पालक भरतात, ज्यांची स्वतःची ओढाताण चालू असते. मी भरते, कारण मार्च-एप्रिलमध्ये माझा पगार मी घेतच नाही. आणि मुलाची आई भरते, जी थेरपी आठवड्यातून दोनदा हवी असताना एकदाच मिळते म्हणून उरलेलं घरी स्वतःच्या कमरेवर करते. सरकारने पैसे वाचवले असं म्हणायचं असेल तर म्हणा, पण ते वाचवलेले नाहीत, दुसऱ्याच्या पदरात टाकलेत, आणि ते पदर सगळे बायकांचे आहेत हे मी मुद्दाम लिहिते.

देणग्या मिळतात ना, असं विचारतात लोक. मिळतात की. वाढदिवस, पुण्यतिथी, पंधरा ऑगस्ट, गणपती मंडळ. पण लोकांना जेवण द्यायला आवडतं. एकदा एका आठवड्यात तीन वेळा जिलेबी झाली आमच्याकडे, मुलं खूश, दोघांची पोटं बिघडली. मोठ्यांचे डायपर द्या म्हटलं की माणूस जरा गप्प होतो. आणि पगार द्या म्हटलं तर विचारतात, "पण मग ही सेवा कशी?"

हा 'सेवा' शब्द मला हल्ली टोचतो. तुमच्या कागदावर आमच्या कामाला पगार हा शब्द सुद्धा नाही, 'मानधन' आहे. मान आहे आणि धन नाही असा जोक आमच्यात फार जुना आहे.

एका सेशनमध्ये काय होतं ते सांगू? आमच्याकडे एक मुलगा येतो, त्याला इथे सोन्या म्हणते, सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूला इजा झाल्याने स्नायूंवर ताबा राहत नाही), वय ११. पहिली दहा मिनिटं फक्त त्याच्या डाव्या हाताची मूठ उघडण्यात जातात, घाई केली तर ती आणखी घट्ट होते, आधी मनगट वाकवून अंगठ्याच्या बुडापासून हळूहळू यायचं, मग एकेक बोट. मग त्याला मोठ्या बॉलवर पालथा घालायचा, मी कंबर धरणार, मावशी समोर बसून भोपळ्याच्या बियांची वाटी हलवणार म्हणजे तो मान उचलतो. मान किती सेकंद उचलली ते मी मोजते. सहा महिन्यांपूर्वी ४ सेकंद होते, आता २० पर्यंत जातो, आणि त्या २० सेकंदांमुळे त्याची आई आता त्याला बसवून भात भरवू शकते, आडवा ठेवून नाही, म्हणजे ठसका कमी, छातीत कफ कमी, दवाखान्याच्या फेऱ्या कमी. हे तुमच्या दरात कुठे धरलंय? आणि दोन माणसं लागतात, दरात एकच आहे.

आता गंमत. मध्यंतरी तपासणी आली आणि हजेरी बायोमेट्रिक करा म्हणाले. बोगस पट रोखायचा म्हणून. मला हेतू पटतो, खोटं नाही बोलत. पण सोन्याची मूठ उघडायला दहा मिनिटं लागतात हे मी आत्ता वर लिहिलं, तो अंगठा मशीनवर टेकवायचा म्हणजे आधी अर्धं सेशन करा मग हजेरी लावा. मशीनने तीनदा 'पुन्हा प्रयत्न करा' सांगितलं, तो चिडला, रडला, अंग ताठ केलं, त्या दिवसाची थेरपी तिथेच संपली. रजिस्टरवर तो हजर, मशीनवर गैरहजर. पैसे मशीनप्रमाणे.

बोगस संस्थांचं मी नाकारत नाही. आहेत. आमच्याच क्षेत्रात मुलं दाखवून अनुदान खाणारे आहेत आणि त्यांच्यामुळे आमच्याकडे प्रत्येक साहेब चोर बघितल्यासारखा बघतो. पण कमी दर ठेवल्याने ते जात नाहीत, उलट तेच टिकतात. ज्याला काम करायचंच नाही त्याला २०० रुपयेच काय, ५० सुद्धा निव्वळ नफा. ज्याला खरंच मुलाची मूठ उघडायची आहे त्यालाच २०० परवडत नाहीत.

मानसिक आरोग्याचं तर याहून अवघड आहे. माझी एक मैत्रीण मानसिक आजारातून सावरलेल्या बायकांसाठी घर चालवते, १४ जणी आहेत. त्यातल्या काहींना मनोरुग्णालयातून डिस्चार्ज मिळालेला पण घरचे न्यायला आलेच नाहीत, पत्ता खोटा, फोन बंद. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी, आणि बरं झालेलं माणूस तिथेच वर्षानुवर्षं अडकून राहू नये असं सुप्रीम कोर्टानेही २०१७ मध्ये सांगितलंय. बरोबर आहे. पण मग तिने राहायचं कुठे? अशाच घरात. आणि त्या घराला जी रक्कम मिळते ती ठरवताना जेवण, कपडे, साबण, तेल धरलंय, रात्री जागणारी बाई धरलेली नाही. मैत्रीण म्हणते, "माझ्याकडे आजार रात्री दोन वाजता येतो गं, आणि सरकार मला दोन वेळच्या आमटीभाताचे पैसे देतं." मग ती स्वतःच जागते. एक दिवस ती थकली की १४ जणींचं काय होणार ते माहीत नाही.

आणि कायदा काय म्हणतो बघा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू. त्याच्या कलम १८ मध्ये उपचार मिळणं हा हक्क म्हटलाय, त्यात हाफ वे होम (हॉस्पिटल आणि घर यांच्या मधला मुक्काम) आहे, आधारासह राहण्याची सोय आहे, आणि त्यातली किमान सेवा सरकारी व्यवस्थेत जिल्ह्यात नसेल तर त्या माणसाने जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी उपचार घ्यावेत, खर्च सरकार देईल, आणि त्या परताव्याचे नियम सरकारने करावेत, असं स्पष्ट आहे. म्हणजे दर ठरवणं ही तुमची मेहेरबानी नाही, कायद्याने दिलेलं काम आहे. आमच्या मीटिंगमध्ये मी हे कलम वाचून दाखवलं तर एका पालकाने विचारलं, "मग बिल कुठे लावायचं?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही सांगा. कोणत्या ऑफिसात, कोणत्या फॉर्मवर, कोणत्या दराने?

आयुष्मान भारत आणि महात्मा फुले योजना आहेतच, मान्य. मानसिक आजारांची पॅकेजेस त्यात आहेत, ईसीटी (विजेच्या झटक्याचा उपचार) सुद्धा आहे. पण ती सगळी रचना अॅडमिट होणाऱ्या पेशंटसाठी आहे, ऑपरेशन झालं, टाके काढले, पॅकेज संपलं अशी. स्किझोफ्रेनियाला टाके नसतात. जो माणूस दर पंधरा दिवसांनी औषध आणि समुपदेशन घेत कामावर जातो, त्याला पॅकेज नाही, तो औषध सोडून कोसळला आणि भरती झाला की पॅकेज आहे. म्हणजे कोसळायचे पैसे मिळतात. आमच्या बाजूला निरामय योजना आहे, वर्षाला १ लाखाचं विमा कवच, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविकलांग यांच्यासाठी, चांगली योजना आहे, मी स्वतः कितीतरी फॉर्म भरून दिलेत, पण थेरपीला त्या लाखाच्या आत वेगळी छोटी मर्यादा आहे, आणि पालकांनी आधी पैसे भरायचे मग क्लेम. ज्याच्याकडे आधी भरायला पैसे आहेत त्यालाच मागून मिळतात.

दर वर्षी महागाईप्रमाणे दर बदलणं शक्य नाही, असं मला एका बैठकीत सांगितलं. शक्य नाही कसं? शाळेतल्या पोषण आहाराचा साहित्य खर्च केंद्राने १ मे २०२५ पासून वाढवला, प्राथमिकला ६.१९ वरून ६.७८ रुपये, उच्च प्राथमिकला ९.२९ वरून १०.१७, आणि तो कशावरून काढला तर लेबर ब्युरोच्या महागाई निर्देशांकावरून. म्हणजे डाळ-तेलाचा भाव पैशांपर्यंत मोजायची पद्धत सरकारकडे आहे. तुमचा स्वतःचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा मोजला जातो. मग थेरपीचा, रात्रपाळीचा, व्हॅनच्या डिझेलचा का नाही? न मोजल्यावर काय होतं ते पण दिसतंच. केंद्राची दिव्यांग पेन्शन २०१२ पासून ३०० रुपयांवर आहे. सीजीएचएस या केंद्राच्या आरोग्य योजनेचे पॅकेज दर २०१४ चे होते, त्यांची मोठी फेररचना व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडलं, आणि ते तर केंद्र सरकारच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी, त्यांची ही कथा तर आमचं कोण विचारतो! दिव्यांगांच्या संस्थांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या दीनदयाळ पुनर्वसन योजनेचं मानधन २०१८ मध्ये एकदम जवळपास अडीच पट करावं लागलं. अडीच पट करावं लागलं याचाच अर्थ आधीची किती वर्षं कुणीतरी खिशातून भरत होतं.

माझी मावसबहीण मेलबर्नला असते, तीही ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. तिकडे एनडीआयएस म्हणून दिव्यांगांची योजना आहे, तिचं दरपत्रक दर वर्षी निघतं आणि १ जुलैपासून लागू होतं, सगळ्यांना वाचता येतं. तिकडे पण भांडणं आहेतच. तिच्या कामाचा दर २०१९ पासून तासाला १९३.९९ ऑस्ट्रेलियन डॉलरवर अडकलाय, आणि २०२५ मध्ये थेरपिस्टच्या प्रवासाच्या वेळेचे पैसे निम्मे केले म्हणून ती फोनवर तासभर चिडून बोलत होती. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, प्रवासाच्या वेळेचे पैसे? म्हणजे तो वेळ दरात धरलेला असतो? मी परवाच २२ किलोमीटरवरच्या वाडीत गेले होते, शेवटचे दोन किलोमीटर चालत, स्कूटी चढत नाही तिथे. जाऊन येऊन तीन तास, थेरपी ४५ मिनिटं. बिल लागलं २०० रुपयांचं, त्याला पुन्हा त्रुटी आली, 'लाभार्थी केंद्रात उपस्थित नव्हता'. अहो, म्हणूनच गेले होते ना.

त्रुटी या विषयावर मी वेगळं पुस्तक लिहू शकेन पण राहू दे. पैसे उशिरा येण्याबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण उशीर हा सुद्धा दराचाच भाग आहे. डिसेंबरचं बिल पुढच्या ऑगस्टमध्ये मिळालं तर मधले आठ महिने मावशींचा पगार मी कशातून देते? पतपेढीतून. व्याज कोण भरतं? मी. लाईटचं बिल भरायला मला उशीर झाला तर सरकारी कंपनी दंड लावते, तुम्हाला उशीर झाला तर 'निधी उपलब्धतेनुसार'. आणि ३१ मार्चला संध्याकाळी फोन येतो, मॅडम आत्ता उपयोगिता प्रमाणपत्र द्या नाहीतर निधी लॅप्स होईल. आठ महिने कुणाला घाई नव्हती.

तुम्ही काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी वेगळा विभाग केलात, आम्ही त्या दिवशी केंद्रात पेढे वाटले होते खरंच. निराधारचे दिव्यांगांचे पैसे २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० केलेत, आमच्या कितीतरी घरांत त्याचा फरक पडलाय. पण घरात पैसे आले आणि गावात थेरपिस्टच नसेल तर ते २,५०० घेऊन आई जाणार कुठे? एसटीने जिल्ह्याला, दिवसभराची मजुरी बुडवून. कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगता मान्य केली, २०११ च्या जनगणनेत तर आठच प्रकार मोजून सुद्धा महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांवर दिव्यांग निघाले होते. यांच्याकडे कोण बघणार? आमच्या कोर्समधून बाहेर पडणारी मुलं हुशार आहेत, आदर्शवादी पण आहेत, पण घरभाडं आदर्शातून जात नाही. मागच्या वर्षी आमची स्पेशल एज्युकेटर सोडून गेली, आरसीआयचं (भारतीय पुनर्वसन परिषदेचं) रजिस्ट्रेशन, स्पेशल डीएड, सहा वर्षांचा अनुभव, आणि आता ती एका मोबाईलच्या दुकानात काउंटरवर बसते. तिथे पगार दर महिन्याच्या पाच तारखेला होतो म्हणाली. सोडताना रडली, आणि मी तिला थांब म्हणू शकले नाही.

तर मागणं काय? दर ठरवणाऱ्या समितीत कुणीतरी असा बसवा ज्याने स्वतः एखाद्या मोठ्या मुलाचा डायपर बदललाय, आणि एक पालक, आणि एक जण जो स्वतः या सेवा वापरतो. हिशेब उघडा मांडा, पगार किती धरला, प्रवास किती, न आलेली सेशन किती, रात्रपाळी किती, म्हणजे चुकलं तर कुठे चुकलं ते आम्हाला दाखवता येईल. खेड्याचा आणि शहराचा दर एकच नको, आणि खेड्याचा कमी तर मुळीच नको, आमच्याकडे एका मुलापर्यंत पोहोचायला जास्त वेळ लागतो. दर वर्षी तो महागाईप्रमाणे आपोआप वाढू दे, मोर्चा न काढता. बिल मिळाल्यापासून ठरावीक दिवसांत पैसे, नाहीतर व्याज. आणि सोन्यासारख्यांची हजेरी रजिस्टरवर चालू दे, हवं तर व्हिडिओ कॉलवर बघा, हवं तर अचानक या. अचानक याच. आम्ही चहा देऊ, पण तेवढा वेळ बॉल धरायला लागेल.

४९० हा माझा आकडा बरोबरच आहे असाही माझा हट्ट नाही. कुणी बसून मोजून ४३० काढला आणि कसा काढला ते दाखवलं तर मी ऐकेन. ५६० निघाला तर तुम्ही ऐका.

त्या २०१७ च्या कराराच्या नूतनीकरणाचं पत्र या आठवड्यात आलंय, माझ्या टेबलावर डब्याखाली ठेवलंय वाऱ्याने उडू नये म्हणून. पुढची तीन वर्षं, दराची ओळ तशीच, २०० रुपये, फक्त वरची तारीख बदललीय. मी अजून सही केलेली नाही. केली नाही तर त्या ६० सेशनमधली मुलं कुठे जातील याचा विचार करत चार दिवस झाले, मावशी रोज विचारतात काय ठरलं म्हणून. महिना संपेपर्यंत मी थांबणार आहे. तेवढ्यात तुमच्याकडून एखादी ओळ आली, हा आकडा कुठून आला एवढं सांगणारी जरी आली, तरी बरं होईल.

आपली,
एका तालुक्याच्या गावातली ऑक्युपेशनल थेरपिस्ट